टचपॅड चालेनासा झाला म्हणजे

शेतात चालता चालता बैल एकाएकी थांबला, तर शहाणा शेतकरी त्यास चाबकाने मारीत सुटत नाही, आणि दुसऱ्याच दिवशी विकावयास बाजारातही नेत नाही. तो आधी खूर उचलून पाहतो, काटा रुतला आहे काय ते बघतो, जू मानेस काचते काय ते चाचपतो, वैरणीची चौकशी करतो. आणि बहुधा कारण लहानच निघते. हाच विवेक घरातील यंत्रांच्या बाबतीत आपण का सोडून द्यावा, हे आम्हांस कोडे वाटते. जुन्या लॅपटॉपवरील बाण एके सकाळी जागचा हलेनासा झाला, की "आता हा संपला" असा निकाल घरची मंडळी तत्काळ देऊन मोकळी होतात, आणि नव्यासाठी सोसायटीचे कर्ज काढण्याच्या गोष्टी सुरू होतात.

आमच्या धर्मग्रामातील कित्येक घरांत असा एखादा जुना लॅपटॉप आहे. कोणाचा मुलगा गोव्यात किंवा आखातात नोकरीस असून त्याने आपला वापरलेला धाडून दिला आहे. कोणी बेळगावच्या बाजारातून जुना विकत घेतला आहे. त्यावरच मुलांचा अभ्यास होतो, कॉलेजचे प्रवेशअर्ज व शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, रविवारी मिस्सा आटोपल्यावर दूरच्या माणसाचे मुख पाहावयास मिळते, आणि बाप्तिस्म्याचे, लग्नाचे व देवाघरी गेलेल्या आजी-आजोबांचे फोटो त्यातच जपलेले असतात. म्हणून टचपॅड बंद पडणे ही गोष्ट दिसावयास लहान असली, तरी त्या घरापुरती लहान नव्हे. अशा तक्रारी आमच्याकडे वारंवार येतात. त्यांवरील उपाय वाचकांपुढे क्रमवार ठेवावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

बोट ओळखणारी पट्टी

टचपॅड म्हणजे अक्षरांच्या बटणांखालची ती चौकोनी गुळगुळीत पट्टी. बोटाचा दाब मोजून ती बाण हलविते असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. पट्टीच्या पृष्ठभागाखाली अतिशय बारीक वीजवाहक रेषांचे उभे-आडवे जाळे असते. मनुष्याचे शरीरही वीजवाहक असल्यामुळे बोट जवळ येताच त्या ठिकाणची विद्युतभार साठविण्याची शक्ती किंचित बदलते. हा बदल कोणत्या उभ्या व कोणत्या आडव्या रेषेपाशी झाला, हे आतील चिप एका सेकंदात अनेक वेळा मोजते आणि त्याप्रमाणे बाण सरकविते.

एवढे समजले, की पुढील बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. लाकडी काडीने किंवा जाड हातमोजा घातलेल्या बोटाने बाण हलत नाही, कारण त्यांतून वीज वाहत नाही. पाण्याच्या थेंबाने पट्टी गोंधळते, कारण तिला तो थेंबही बोटासारखाच वाटतो. आणि बाण अडला असता पट्टी जोराने दाबण्याने काहीच साधत नाही. उलट आतील नाजूक भागास इजा मात्र होते.

ही युक्ती फार प्राचीन नव्हे. डग्लस एंगेलबार्ट यांनी माऊसचे प्रसिद्ध जाहीर प्रात्यक्षिक १९६८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे केले. पुढे १९९४ साली ॲपल कंपनीने आपल्या पॉवरबुक ५०० या लॅपटॉपांत बोटाने फिरविण्याच्या गोळ्याऐवजी टचपॅड बसविला, आणि हळूहळू तोच प्रघात सर्वत्र रूढ झाला. कित्येक कंपन्यांच्या लॅपटॉपांत ज्या सिनॅप्टिक्स कंपनीचे टचपॅड आढळतात, ती कंपनी १९८६ साली कार्व्हर मीड व फेदेरिको फाजिन या दोघांनी स्थापिली. हे फाजिन मूळचे इटलीतील विचेन्झा नगरीचे. १९७१ साली बाजारात आलेली इंटेल ४००४ ही सुप्रसिद्ध चिप त्यांच्याच नेतृत्वाखाली घडली होती.

दिवा लावून घर झाडणे

संत लूकच्या शुभवर्तमानात दहा नाणी असलेल्या एका स्त्रीचा दृष्टांत आहे. तिचे एक नाणे हरवले. ती रडत बसली नाही, आणि नऊ तर आहेत ना, म्हणून स्वस्थही राहिली नाही. तिने दिवा लावला, घर झाडले आणि सापडेपर्यंत बारकाईने शोध केला. त्या दृष्टांताचा खरा अर्थ पापी मनुष्याच्या पश्चात्तापाने स्वर्गात होणाऱ्या आनंदाविषयी आहे, हे आमचे वाचक जाणतातच. परंतु त्या गृहिणीची रीतही शिकण्यासारखी आहे. आधी उजेड, मग केरसुणी, मग कोपऱ्यामागून कोपरा. तिने घराची जमीन उकरण्यास आरंभ केला नाही. आपणही प्रथम बिनखर्चाचे व बिनधोक उपाय करावे, आणि लॅपटॉप उघडण्याची गोष्ट सर्वांत शेवटी काढावी.

प्रथम हात पाहावे. खोबरेल तेल, कणीक, घाम किंवा मलम बोटास असेल तर हात धुऊन नीट पुसावे. मग लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, किंचित ओलसर मऊ फडक्याने पट्टी पुसावी व कोरडी होऊ द्यावी. पाणी थेट पट्टीवर कधीही शिंपडू नये. पुष्कळ घरांत असा अनुभव येतो, की मुलीच्या बोटाने बाण हलतो आणि बापाच्या बोटाने हलत नाही. त्यात बापाचा अडाणीपणा नाही. नांगर-कुदळ धरून ज्यांच्या बोटांची कातडी जाड व कोरडी झाली आहे, त्यांचा स्पर्श पट्टीस क्षीण लागतो, इतकेच. अशांनी बोटाचे टोक न टेकता बोटाचा मांसल भाग टेकवावा. आणि टचपॅडच्या सेटिंगमध्ये संवेदनशीलता वाढविण्याची सोय असल्यास ती मुलांकडून करून घ्यावी. कष्टकरी हातास घरातील कोणी हसू नये.

दुसरे, बटण पाहावे. अक्षरांच्या वरच्या ओळीत एफ१ ते एफ१२ अशी बटणे असतात. त्यांपैकी एखाद्यावर टचपॅडचे लहानसे चित्र असते. कोठे एफ५ वर, कोठे एफ७ वर, तर कोठे एफ९ वर. कोपऱ्यातील एफएन बटण दाबून धरून हे बटण दाबले, की टचपॅड बंद होतो व पुन्हा दाबले की सुरू होतो. घरात लहान मूल असेल, किंवा फडक्याने बटणे पुसली असतील, तर हे नकळत घडते. एचपीच्या काही जुन्या लॅपटॉपांत पट्टीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक लहान ठिपका असतो. त्यावर दोनदा टिचकी मारली म्हणजे टचपॅड बंद वा सुरू होतो, आणि बंद असताना तेथे नारिंगी दिवा लागतो.

तिसरे, माऊस पाहावा. बाहेरचा माऊस जोडला असता आतील टचपॅड आपोआप बंद व्हावा, अशी सोय विंडोजमध्ये व ॲपलच्या लॅपटॉपांतही आहे. ही सोय सुरू असेल आणि माऊस जोडलेला आहे याचे विस्मरण झाले, तर टचपॅड मेल्यासारखा पडून राहतो.

येथे एक घडलेली हकिगत सांगणे उचित होईल. आमच्या धर्मग्रामात शिवणकाम करून दोन मुलींस शिकविणारी एक विधवा माता आहे. थोरल्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जास दोन दिवस उरले असता टचपॅड बंद पडला. शहरातील एका दुकानी दाखविला, तेव्हा आतील मुख्य बोर्ड गेला, दुरुस्तीपेक्षा नवाच घ्या, असे उत्तर मिळाले. सर्व कागदपत्रे त्या लॅपटॉपातच होती. त्या मातेने लग्नातील बांगड्या गहाण ठेवण्याचे ठरविले. संध्याकाळी जपमाळेस शेजारचा एक तरुण आला होता. त्याने लॅपटॉप हाती घेऊन चारही बाजू न्याहाळल्या. एका बाजूस नखाएवढा काळा तुकडा खोचलेला होता. फार पूर्वी हरवलेल्या बिनतारी माऊसचा तो रिसीव्हर होता. तोच माऊस धाकट्या मुलीने आदल्या दिवशी पेटीत पाहून, नवा सेल घालून, खेळता खेळता सुरू केला व तसाच पेटीत टाकला होता. रिसीव्हर उपसून काढताच बाण हलू लागला. अर्ज वेळेवर गेला, आणि बांगड्या हातातच राहिल्या. त्या मातेचे अश्रू ज्यांनी पाहिले, ते टचपॅडला क्षुल्लक वस्तू म्हणणार नाहीत.

चौथे, लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. "आम्ही तर रोज बंद करतो" असे पुष्कळ जण सांगतात. परंतु विंडोज ८ पासून लवकर सुरू होण्याची एक सोय आली आहे. तिच्यामुळे नेहमीच्या रीतीने बंद केले असता आतील कारभाराची स्थिती जशीच्या तशी जपून ठेवली जाते, आणि सकाळी कालचाच घोटाळा पुन्हा जागा होतो. 'रीस्टार्ट' केले म्हणजे मात्र सर्व नव्याने आरंभ होतो. बाण हलत नसल्यास विंडोजचे बटण व एक्स ही दोन्ही एकदम दाबावी, मग यू आणि मग आर. म्हणजे रीस्टार्ट होतो. त्यापूर्वी उघडे काम साठवून ठेवण्यास विसरू नये.

पाचवे, वीज पाहावी. चार्जर लावला असता बाण नाचतो किंवा अडतो, आणि चार्जर काढताच शहाण्यासारखा वागतो, असे दिसले तर दोष टचपॅडचा नसून चार्जरचा किंवा घरातील अर्थिंगचा समजावा. पट्टी अत्यंत सूक्ष्म बदल मोजीत असते. स्वस्त, नकली चार्जर असल्यास, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या पट्टीत कसाबसा बसविला असल्यास, विजेची खळबळ त्या मोजमापात मिसळते. आमच्या जुन्या घरांपैकी पुष्कळांत अर्थिंगची तार एक तर नाही, किंवा कोठेतरी तुटलेली आहे. ती वायरमनकडून तपासून घेणे टचपॅडपेक्षाही घरातील माणसांच्या जिवासाठी अगत्याचे आहे.

आतील कारभार

इतके करूनही बाण न हलल्यास आतील सेटिंगकडे वळावे. यासाठी तारेचा साधा माऊस काही शे रुपयांस मिळतो. तो जोडून काम करणे सोपे. माऊस नसल्यास विंडोजचे बटण दाबून इंग्रजीत 'टचपॅड' हा शब्द टाइप करावा व एंटर दाबावे. टचपॅडचे पान उघडते. तेथे टॅब व बाणांच्या बटणांनी सरकता येते आणि लांबट बटणाने सोय चालू-बंद करता येते. टचपॅड बंद ठेवलेला असेल, तर तो येथेच सुरू होईल.

यानेही काम न झाल्यास ड्रायव्हर पाहावा. ड्रायव्हर म्हणजे टचपॅड व विंडोज यांच्यामधील दुभाषी. एखाद्या अपडेटनंतर हा दुभाषी बदलतो किंवा बिघडतो, आणि एकाचे म्हणणे दुसऱ्यास कळेनासे होते. विंडोजचे बटण व एक्स दाबून मग एम दाबले, की डिव्हाइस मॅनेजर उघडतो. त्यात माऊस व तत्सम साधनांच्या यादीत टचपॅडचे नाव शोधावे. सिनॅप्टिक्स, एलान किंवा आल्प्स यांपैकी एखादे नाव बहुधा दिसते. तेथे नाही सापडले, तर ह्यूमन इंटरफेस नावाच्या यादीत पाहावे. बिघाड अपडेटनंतर झाला असेल, तर आधीच्या ड्रायव्हरवर परत जाण्याची सोय तेथे असते. नाही तर ड्रायव्हर काढून टाकून लॅपटॉप रीस्टार्ट करावा. विंडोज तो बहुधा पुन्हा आपणच बसविते. तसे न झाल्यास लॅपटॉप ज्या कंपनीचा असेल तिच्याच अधिकृत संकेतस्थळावरून, नेमके मॉडेल पाहून, ड्रायव्हर घ्यावा.

दोष आतील कारभाराचा की अंगाचा, हे ओळखण्याची एक चांगली परीक्षा आहे. संगणक शिकणाऱ्या एखाद्या तरुणाकडून पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन, ते लॅपटॉपात न बसविता, नुसते पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावे. तेथे टचपॅड चालला, तर त्याचे अंग शाबूत असून बिघाड विंडोजमध्ये आहे. तेथेही निपचित राहिला, तर बहुधा आतील चपटी रिबन केबल सैल झाली असेल, किंवा टचपॅडच निकामी झाला असेल. केबल पुन्हा नीट बसविणे हे जाणत्याचे काम आहे. त्यासाठी आधी बॅटरी सोडवावी लागते, आणि केबल धरून ठेवणारी चिमुकली पट्टी सहज मोडते.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हे खरे. पण म्हणून जुना लॅपटॉप किंवा त्याचा टचपॅड बंद पडत नाही. सुरक्षिततेचा प्रश्न वेगळा आहे व त्याचा विचार अवश्य करावा. परंतु टचपॅडसाठी नवा लॅपटॉप घ्या, असे त्या तारखेकडे बोट दाखवून कोणी सांगेल, तर ते मानू नये.

येथे मात्र हात आवरावा

आता जे सांगणार आहोत, ते सर्वांनी लक्षपूर्वक वाचावे. पट्टी एकाएकी कठीण झाली, दाबली असता क्लिक होईनाशी झाली, तिची एक कड वर उचललेली दिसली, किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवला असता डुगडुगू लागला, तर आतील बॅटरी फुगली असण्याचा संभव आहे. लिथियमच्या जुन्या बॅटरीत रासायनिक विघटन होऊन वायू साचतो. बॅटरी उशीसारखी फुगते आणि तिच्यावर बसविलेल्या टचपॅडला खालून रेटते. अशा वेळी पट्टी दाबून खाली बसविणे, वर पुस्तकांचे ओझे ठेवणे, सुईने भोसकून हवा काढणे, हे सर्व प्रकार जिवावर बेतणारे आहेत. भोसकलेली बॅटरी तत्क्षणी पेट घेऊ शकते, आणि ती आग सहज विझत नाही.

लॅपटॉप त्याच क्षणी बंद करावा. चार्जर काढावा व पुन्हा लावू नये. तो अंथरुणापासून, लाकूडफाट्यापासून व मुलांपासून दूर, कोरड्या जागी ठेवून लवकरात लवकर जाणत्या कारागिराकडे न्यावा. बॅटरी बदलल्यावर टचपॅड कित्येकदा पूर्ववत चालतो. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये, जाळू नये. २०२२ साली भारत सरकारने केलेल्या बॅटरी-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती पुनर्वापरासाठी जमा होणे आवश्यक आहे. नवी घेणाऱ्या दुकानीच ती देण्याविषयी विचारावे.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूस, तसेच गोव्यात, आषाढ-श्रावणात भिंतींस ओल येते, कपडे वाळत नाहीत. यंत्रेही ती ओल पितात. लॅपटॉप भिंतीस टेकून किंवा जमिनीवर ठेवू नये. चहा किंवा पाणी सांडल्यास लगेच बंद करून, चार्जर काढून, उलटा करून निथळू द्यावा आणि पूर्ण वाळल्याखेरीज सुरू करू नये. चुलीशेजारी किंवा कडक उन्हात मात्र वाळवू नये. उष्णता ही बॅटरीची वैरीण आहे.

दुरुस्तीस देण्यापूर्वी

दुकानी जाण्यापूर्वी फोटो व कागदपत्रे यांची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर करून घ्यावी. टचपॅड चालत नसला तरी माऊस जोडून हे काम होते. बॅटरी फुगली असेल तर मात्र लॅपटॉप सुरू करू नये. प्रत कारागिराकडूनच करवावी. दुकानदारास दोष काय व खर्च किती हे आधी विचारावे, आणि बदललेला जुना भाग परत मागावा. प्रामाणिक कारागिरास या प्रश्नांचा राग येत नाही. पडद्यावर एखाद्या वेळी मोठ्या अक्षरांत इशारा येतो, की लॅपटॉप बिघडला आहे, अमुक क्रमांकास फोन करा. तसा फोन कधीही करू नये, व कोणास दूरवरून आपला लॅपटॉप हाताळू देऊ नये. त्या भामट्यांनी पैसे काढून घेतलेच, तर विनाविलंब १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे.

आणि सर्व उपाय थकले, टचपॅड बदलण्याचा खर्चही परवडेना, तरी निराश होण्याचे कारण नाही. तारेचा साधा माऊस जोडला, की तोच लॅपटॉप पुढे कित्येक वर्षे सेवा देईल. एक अवयव गेला म्हणून सबंध देह टाकावयाचा नसतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात वापरा-आणि-फेका या वृत्तीविषयी जगास कळकळीने सावध केले. वस्तू टाकण्याची सवय जडली, की माणसेही टाकण्याची सवय जडते, हा त्यांच्या शिकवणुकीचा रोख होता. घरात जे हळू चालते, ज्याला ऐकू कमी येते, ज्याचे बोट आता नीट चालत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, याची तालीम लहान वस्तूंपासूनच होत असते.

म्हणून आमच्या तरुण वाचकांस एक विनंती आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्यांस संतपद दिले, ते कार्लो अकुतिस २००६ साली वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी वारले. परंतु तेवढ्या अल्प आयुष्यात त्यांनी आपले संगणकाचे ज्ञान पवित्र साक्रामेंताच्या चमत्कारांची माहिती जगापुढे ठेवण्यासाठी खर्चिले. तुम्हांस तेवढे मोठे काम साधले नाही, तरी रविवारी मिस्सा झाल्यावर शेजारच्या आजोबांच्या घरी जाऊन त्यांचा अडलेला लॅपटॉप एकदा पाहावा. चारही बाजूंस काही खोचलेले नाही ना, बटण दाबले गेले नाही ना, पट्टी वर उचललेली नाही ना, एवढे तरी पाहावे. परदेशी असलेल्या लेकाचे मुख पडद्यावर उमटले, म्हणजे त्या आजोबांस जो आनंद होईल, तो हरवलेले नाणे सापडलेल्या त्या गृहिणीच्या आनंदाहून कमी नसेल. तिनेही आपल्या आनंदात शेजारणींस बोलाविले होते, हे विसरू नये.